झाशीच्या फलाटावर

झेलम एक्सप्रेस झाशीला बराच वेळ थांबते. फेब्रुवारीत भाचीचं लग्न उरकून पुण्याहून परत येत होते, प्यायचं पाणी संपलं म्हणून बाटली घेऊन खाली उतरले. नळाशी गर्दी होती. ऊन कललं होतं तरी फरशी तापलेली होती, शेजारीच पुऱ्या तळणं चाललेलं, आणि त्या तेलाचा वास घशात बसत होता. माझ्यापुढे तीन-चार माणसं असताना कोणीतरी अगदी समोर येऊन उभं राहिलं. "नमस्ते दीदी! लौट रही हैं?" चाळिशीच्या आसपासचा माणूस. अंगात कडक पांढरा शर्ट, खांद्यावर झोपलेली चार-पाच वर्षांची मुलगी. तिच्या एका पायातली चप्पल गळून पडू नये म्हणून त्यानं ती आपल्या बोटात अडकवून धरली होती. घरच्या माणसाला अवचित पाहिल्यावर उमटतं तसं हसू त्याच्या चेहऱ्यावर होतं. मीही तसंच हसले. "हाँ, पुणे गई थी, शादी थी," म्हणाले. त्यानं माझ्या हातातून बाटली घेतली, गर्दीत शिरून भरून आणली, झाकण घट्ट लावून दिली आणि विचारलं, "आई का घुटना अब कैसा है?" मी म्हणाले, "ठीक है, ठंड में थोड़ा दुखता है." गाडीनं शिट्टी दिली. डब्यात चढता चढता मी वळून म्हणाले, "घर पर सबको नमस्ते कहना."

कोणाचं घर? कुठले सगळे? हा माणूस कोण, तेच मला माहीत नव्हतं.

झाशी ते ग्वाल्हेर दीडेक तासाचा रस्ता. दतियाचा महाल मागे गेला, डबरा गेलं, आणि मी खिडकीशी बसून जागा लावून बघत होते. बँकेतला शिपाई? आईच्या हाडांच्या डॉक्टरांकडचा कंपाउंडर? एखाद्या विद्यार्थिनीचा मोठा भाऊ? एकेका जागी त्याचा चेहरा नेऊन ठेवायचा आणि बसत नाही म्हणून परत उचलायचा. चेहरा पक्का ओळखीचा होता, यात शंका नव्हती. जिभेवर आलेलं नाव निसटतं तेव्हा चुटपुट लागते, पण इथं निसटलं होतं ते अख्खं माणूस. आणि तो मात्र आमच्या घरातल्या दुखण्यापर्यंत मला ओळखत होता.

मला जे झालं त्याचा धडा मी बावीस वर्षं मुलींना शिकवलाय. मानसशास्त्राच्या पेपरात माणूस वस्तू, अक्षरं, चेहरे कसे ओळखतो यावर एक प्रकरण असायचं, आणि ते माझं आवडतं होतं. जॉर्ज मँडलर यांनी १९८० मध्ये बसमधल्या खाटकाचं उदाहरण दिलं. बसमध्ये एक माणूस दिसतो. याला आपण ओळखतो अशी खात्री वाटते, पण कोण ते सुचत नाही. बराच वेळ मनात घोळवल्यावर कळतं, हा तर आपला खाटीक, दुकानाबाहेर याला कधी पाहिलंच नव्हतं. मँडलर यांचं म्हणणं, ओळखीत दोन निराळी कामं चालतात. 'हे पाहिलंय' ही जाणीव झटकन येते. कुठे, कधी, कोण हा शोध तिच्यामागून, सावकाश. पहिलं झालं म्हणून दुसरं होईलच असं नाही. मुलींना सांगताना मी खाटकाऐवजी दूधवाला घ्यायची आणि बसऐवजी टेम्पो. मुली हसून वहीत उतरवून घ्यायच्या. हे उदाहरण सांगताना मी स्वतःच्या जिन्याच्या पायथ्याकडे एकदाही बघितलं नाही, हे आता लागतं.

आईला घरात पाऊल टाकल्याबरोबर सांगितलं. आई चौऱ्याऐंशीची. तिच्या दोन्ही डोळ्यांच्या पडद्याचा मधला भाग झिजत गेलाय. जे ती थेट बघायला जाते तेच तिला दिसत नाही, कडेकडेचं दिसतं. समोर बसलेल्या माणसाच्या चेहऱ्याच्या जागी एक करडा डाग, आणि त्याच्या बाजूची दाराची कडी, कोपऱ्यातला माठ, खुंटीवरची पिशवी मात्र ठीक. म्हणून बोलताना ती मान जराशी तिरकी करते. नवख्या माणसाला वाटतं, हिचं लक्ष दुसरीकडे आहे. मी त्या माणसाचं वर्णन करायला लागले. रंग, उंची, मिशी, कपाळ. आई वैतागली.

"चेहरा काय सांगत बसलीस, बोलला काय ते सांग."

"तुझा गुडघा कसा आहे विचारलं."

"काय म्हणून विचारलं? अम्मा म्हणाला, माताजी म्हणाला?"

"आई म्हणाला."

"मग आपल्या गल्लीतलाच. आणि गुडघ्याचं विचारतो म्हणजे प्रेसवाला. मेहुण्याचं लग्न होतं त्याच्या, मऊरानीपूरला. मला निर्गुडीचा पाला कोण आणून देतं असं वाटतं तुला?"

अकरा वर्षं. आमच्या जिन्याखाली, कडुलिंबाला टेकून त्याचा ठेला आहे, आणि अकरा वर्षं मी त्याला इस्त्रीला कपडे देते आहे.

रात्री काही काम नसताना खाली गेले. ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या जुन्या गल्ल्या आठनंतर लवकर शांत होतात. ठेल्यावर निळी ताडपत्री ओढलेली, वर दोन विटा. जवळ गेल्यावर विझलेल्या कोळशाचा आणि ओल्या सुती कापडाचा वास आला. दिवसभर इस्त्री फिरून फिरून तिथल्या लाकडातच मुरलेला असतो तो. त्या वासाबरोबर तो चेहरा लख्ख समोर आला, मिशीसकट, फलाटावर दिसला होता तोच. मग मला आणखी एक गोष्ट जाणवली. मी त्याला कायम वाकलेला पाहिलाय. मान खाली, उजवा खांदा पुढे, केसांचा भांग माझ्याकडे, हात त्या जड पेटीवर. मी गाठोडं ठेवते, तो न थांबता विचारतो, "कब तक?" मी सांगते, "शाम तक." झाशीत तो ताठ उभा होता. सरळ उभा राहिल्यावर माझ्यापेक्षा वीतभर उंच असलेला हा माणूस मी त्या दिवशी पहिल्यांदाच पाहिला.

अक्षरांच्या बाबतीत माझं असं कधी होत नाही, याचं मला नवल वाटत राहिलं. लहानपणी आमच्या घरात दोन ल होते. शाळेतल्या हिंदीच्या पुस्तकातला ल उभ्या दांडीला टेकलेला, आणि पुण्याहून आजीचं पत्र यायचं त्यातला दोन पाकळ्यांचा, दांडीशिवायचा. श सुद्धा निराळा. 'लक्ष्मी' शाळेत एक दिसायची आणि पत्रात दुसरी, पण वाचताना कधी अडखळल्याचं आठवत नाही. ओळखीचा सगळ्यात सरळ सिद्धांत म्हणजे साच्याचा. मनात प्रत्येक गोष्टीचा एक साचा ठेवलेला असतो, डोळ्यांपुढची आकृती त्यावर ठेवून बघायची, जुळली की ओळखली. दोन ल आले की हा सिद्धांत कुरकुरायला लागतो. मग डॉक्टरांच्या चिठ्ठीतला ल, दुकानाच्या पाटीवरचा फुगवलेला ल, पोरानं भिंतीवर कोळशानं उलटा काढलेला ल. किती साचे ठेवणार?

म्हणून माणसं साच्याकडून खुणांकडे वळली. ऑलिव्हर सेल्फ्रिज यांनी १९५९ मध्ये 'पँडेमोनियम' नावाची एक कल्पना मांडली, आणि वर्गात ती सांगायला मला फार आवडायचं. समजा, डोक्यात भुतांचा बाजार भरलाय. एक भूत फक्त उभ्या रेघा शोधतं, दुसरं आडव्या, तिसरं कोन, चौथं वळणं. आपली वस्तू दिसली की ते ओरडतं. त्यांच्या वर अक्षरांची भुतं बसलेली. खालचा आरडाओरडा ऐकून जे-ते आपल्या अक्षरासाठी ओरडतं, आणि सर्वांत वरचं भूत ज्याचा आवाज मोठा त्याच्या बाजूनं निकाल देतं. मंडईतल्या लिलावासारखंच. आणि त्याच सुमारास डेव्हिड ह्यूबेल आणि टॉर्स्टन वीझेल यांना मांजराच्या मेंदूत खरोखरच अशा पेशी सापडल्या. ते काचेच्या पट्टीवरचा काळा ठिपका मांजराला दाखवत होते आणि पेशी ढिम्म. पट्टी यंत्रात सरकवताना मात्र ती कडाडून उठली. ठिपक्याशी तिला देणंघेणं नव्हतं. काचेच्या कडेची पडद्यावर सरकणारी फिकट रेघ तिला हवी होती, तीही एका ठराविक कलाची. पुढे १९८१ मध्ये दोघांना नोबेल मिळालं. पण मी वर्गात नेहमी रेंगाळायची ती त्या काचेच्या कडेपाशी. हवं ते दाखवत बसलो होतो, आणि दिसलं ते कडेनं.

आई सांगते, प्रेसवाल्याचे वडील धोबी होते आणि आमचेच कपडे धुवायचे. कुठला कपडा कुठल्या घरचा हे ते बिब्ब्याच्या रसानं खूण करून ठेवत. आमची खूण दोन ठिपके आणि खाली आडवी रेघ. चादर असो, सदरा असो, परकर असो, कोपऱ्यात तेवढं दिसलं की घर कळलं. खुणांचा सिद्धांत याहून सोपा करून सांगता येणार नाही, आणि मी तो वर्गात कधी असा सांगितला नाही, कारण मला हे ठाऊकच नव्हतं.

खुणा पुरतात का, तर नाही. कोणती खूण कुठे बसलीय, शेजारी काय आहे, याला मोल असतं. ग्वाल्हेरच्या किल्ल्यावर चढताना वाटेत एका खडकात कोरलेलं चतुर्भुजाचं लहानसं देऊळ लागतं. तिथल्या शिलालेखात, ८७६ सालच्या, देवासाठी दिलेल्या फुलबागेचं माप आहे, २७० हात बाय १८७ हात, आणि रोजच्या ५० माळांची सोय. त्या २७० मधलं आणि ५० मधलं शून्य बघायला लांबून लोक येतात, कारण अंक म्हणून कोरलेल्या फार जुन्या शून्यांत त्याची गणना होते. मला नानांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, ते पहिल्यांदा दाखवलं तेव्हा मी निराश झाले होते. बाकीच्या अंकांपेक्षाही बारकं एक वर्तुळ. ते म्हणाले, "हे एकटं काढून दुसऱ्या दगडावर ठेवलं तर कोणी त्याला शून्य म्हणेल का? सातामागं बसलंय म्हणून शून्य." जेरोम ब्रूनर आणि मिंटर्न यांनी १९५५ मध्ये नेमकं हेच कागदावर दाखवलं होतं. एकच मोडकी आकृती, इंग्रजी ए आणि सी यांच्यामध्ये ठेवली तर लोक तिला बी वाचतात, बारा आणि चौदा यांच्यामध्ये ठेवली तर तेरा. नानांना ब्रूनर माहीत नव्हते. त्यांची नोकरी जुन्या कागदांची, मोडी वाचून देण्याची. मोडीत इकार-उकाराचं ह्रस्व-दीर्घ नाही, शब्द तोडलेले नाहीत, आणि लिहिणारा घाईत. ते कागद नाकाशी धरत, मग लांब धरत, मग म्हणत, "आधी कोण कोणाला लिहितोय ते बघू, अक्षरं मागाहून येतील." आणि यायची. देवनागरीतसुद्धा जुन्या वळणाचा ख म्हणजे र आणि व शेजारी. 'रवाना' आणि 'खाना' यांतला फरक ओळीतल्या बाकीच्या शब्दांनी करायचा.

म्हणजे झाशीच्या फलाटावर एक अंक होता, फक्त त्याच्या आधीचा आणि नंतरचा अंक कोणी काढून नेला होता. एवढ्यावर माझं समाधान व्हायला हरकत नव्हती. परिस्थिती बदलली, ओळख पटली नाही, सिद्धांतात बसतं. पण त्याला तर मी ओळखू आले. परिस्थिती त्याच्यासाठीही तितकीच बदलली होती.

ओळखण्यातलं सगळ्यात नाजूक जे काही आहे ते मला नानांनी गाण्यातून शिकवलं. डिसेंबरात तानसेन समारोहाला ते मला हजिऱ्याला घेऊन जात. गौस मोहम्मदांच्या मोठ्या मकबऱ्याशेजारी तानसेनाची ती साधी समाधी, चिंचेचं झाड, खाली अंथरलेल्या जाजमातून वर येणारा गारठा, एका घोंगडीत आम्ही दोघं आणि मुठीत गजकाचा तुकडा. मी दहा-अकरा वर्षांची असेन. पेटीवर भूप रागाचे स्वर नुकतेच बोटांत बसले होते, सा रे ग प ध, बाकीचे दोन नाहीतच, त्यामुळे सोपा. सकाळची बैठक होती, धुकं अजून उठलेलं नव्हतं. गायकानं आलाप सुरू केला आणि मी मनात स्वर मोजले. पाचच. मी नानांच्या कानात म्हणाले, "भूप!" त्यांनी मान हलवली. "देशकार."

"पण स्वर तेच आहेत."

"स्वर तेच आहेत. तो रमतोय कुठे ते ऐक."

मी ऐकलं. बराच वेळ काही कळलं नाही. मग लक्षात आलं, गाणं सारखं वर जातंय, धैवतावर जाऊन बसतंय, तिथून पंचमाकडे डोकावून परत धैवतावर. गंधाराला स्पर्श होतो पण तिथं मुक्काम नाही. भूपात घर गंधाराचं. संध्याकाळी दिवा लावल्यावर तो खाली, गंधाराशी ठाण मांडतो. देशकार सकाळी उठून वरच्या मजल्याची खिडकी उघडतो. पाच स्वर तेच, चढउतार तोच, आणि राग दोन. पुढे मारवा, पूरिया, सोहनी या तिघांचं असंच असल्याचं कळलं तेव्हा नवल वाटलं नाही, पण त्या सकाळी वाटलेलं नवल अजून अंगात आहे. समोर उभ्या असलेल्या माणसाचे सगळे अवयव आपण मोजलेत आणि तरी तो दुसराच कोणी निघाला, असं.

पुष्कळ वर्षांनी पुस्तकात क्रिस्टियान फॉन एरेनफेल्स यांचं नाव वाचलं. त्यांनी १८९० मध्ये एक साधा प्रश्न विचारला होता. तीच चाल वेगळ्या पट्टीत गायली तर एकूण एक स्वर बदलतो, मग चाल तीच आहे हे आपण कशावरून ओळखतो? त्यांचं उत्तर असं की सुट्या स्वरांपलीकडे चालीला स्वतःचा एक आकार असतो आणि आपण तो ओळखतो. त्यांची व्याख्यानं प्रागमध्ये ऐकलेल्या माक्स वर्टहायमर यांनी पुढे सुट्या भागांऐवजी अख्ख्या आकाराकडे बघणारं गेस्टाल्ट मानसशास्त्र उभं केलं. एरेनफेल्स यांचं उदाहरण सगळे स्वर बदलून चाल तीच राहण्याचं. मला घोंगडीत बसून मिळालं होतं ते त्याच्या उलट, स्वर तेच राहून राग बदलण्याचं. दोन्ही हाताशी ठेवली तर कळतं की ओळखीचं मर्म कुठल्याही एका भागात शोधायला गेलं की हाती लागत नाही. फलाटावर त्या माणसाचे स्वर सगळे तेच होते, तेच कपाळ, तीच मिशी, तोच आवाज. न्यास, म्हणजे थांबायची जागा, तेवढा बदलला होता. मी त्याला नेहमी इस्त्रीच्या मुठीवर थांबताना ऐकलं होतं, तिथं तो खांद्यावरच्या मुलीवर थांबला होता.

इथवर विचार आला आणि एक जुना प्रयोग आठवून मी अस्वस्थ झाले. पोझनर आणि कील यांनी १९६८ मध्ये लोकांना ठिपक्यांच्या आकृत्या दाखवल्या. प्रत्येक गटातल्या आकृत्या एका मूळ आकृतीतले ठिपके थोडे थोडे हलवून केलेल्या, आणि मूळ आकृती कधीच दाखवलेली नव्हती. नंतर ती पुढे केल्यावर, आधी कधीही न पाहिलेली ती आकृती लोकांनी पाहिलेल्या आकृत्यांइतक्याच सहजपणे बरोबर गटात टाकली. मन एकेक वस्तू जपत बसत नाही, त्यांच्यातून एक नमुना काढून ठेवतं. पक्षी, आंबा, खुर्ची यांचं असं झालं तर बिघडत नाही, किंबहुना जगणं सोपं होतं. पण मी एका माणसाचं तसं केलं होतं. कोळशाची इस्त्री, ताडपत्री, वाकलेली मान, 'कब तक' आणि 'शाम तक' यांतून मी एक 'प्रेसवाला' काढून ठेवला होता आणि रोज त्या नमुन्यालाच कपडे देत होते. ब्रूस आणि यंग यांच्या १९८६ च्या मांडणीत चेहरा ओळखायच्या पायऱ्या आहेत. आधी चेहरा ओळखीचा वाटतो, मग माणूस कोण ते कळतं, आणि नाव सगळ्यात शेवटी येतं. माझ्याकडे त्या शेवटच्या पायरीवर काहीच नव्हतं. विसरले नव्हते, मुळात विचारलंच नव्हतं.

नाना जुन्या मित्राला भेटले की दोन्ही हात पसरून म्हणायचे, "सोऽयं देवदत्तः!" आम्हा मुलांना वाटायचं, त्यांच्या सगळ्या मित्रांचं नाव देवदत्तच. हे वेदान्तातलं घासून गुळगुळीत झालेलं उदाहरण आहे, तो हा देवदत्त. 'तो' म्हणजे त्या काळी, त्या गावी पाहिलेला. 'हा' म्हणजे आत्ता, इथं समोर उभा असलेला. काळ वेगळा, जागा वेगळी, कपडे वेगळे, केस पांढरे. दोघं एक आहेत असं म्हणायचं तर 'त्या काळचा, त्या गावचा' हे सोडून द्यावं लागतं, 'आत्ताचा, इथला' हेही सोडून द्यावं लागतं, आणि मग जो उरतो तो देवदत्त. शास्त्री लोक हे जीव-ब्रह्माच्या ऐक्यासाठी सांगतात. नाना ते चिटणीसांची गोठ नावाच्या मोहल्ल्यात राहणाऱ्या, शाळेत शेजारी बसलेल्या आणि तीस वर्षांनी भेटलेल्या वर्गमित्रासाठी म्हणायचे, आणि मिठी मारायचे. मला आज वाटतं, त्यांनी ते बरोबर जागी वापरलं. मित्राच्या बाबतीत जागा सोडून दिली तरी पुष्कळ उरतं. मी कडुलिंब सोडला, ठेला सोडला, इस्त्री सोडली, आणि माझ्या हातात काही उरलं नाही.

शाळेच्या आणि कॉलेजच्या खुर्च्यांत मी माणसं ओळखते. नातेवाइकांच्या लग्नात चुलत-मावस नाक-डोळे ओळखते. कोणाचं हसणं कोणाकडून आलंय हे सांगते, आणि त्यासाठी घरात माझं नाव आहे. पण भाजीवाली, दूधवाला, घंटागाडीबरोबर येणारी ती उंच बाई, हे सगळे माझ्याकडे आपापल्या जागेसकटच साठवलेले आहेत. त्यातलं कोण कुठल्या फलाटावर समोर येऊन उभं राहिलं तर मी काय करीन, हे त्या आठवड्यात मी रोज एकेकाकडे बघून मनाशी तपासलं. उत्तरं बरी नव्हती.

आठ दिवसांनी ताडपत्री निघाली. सकाळी धूर वर आला तेव्हा आईच आधी म्हणाली, "आला." मी कपडे घेऊन खाली गेले. तो कोळशाला वारा घालत होता. गाठोडं ठेवून मी नेहमीसारखी वळले नाही. म्हणाले, "भैया, झाँसी में मैंने आपको पहचाना नहीं था." त्यानं पंखा बाजूला ठेवला आणि सरळ उभा राहिला. "हमें लगा था दीदी," तो म्हणाला. "आप बोलीं न, सबको नमस्ते कहना. हमारे घर से तो आपने किसी को देखा ही नहीं." त्याच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मला काही बोलता तरी आलं असतं. मी माफी मागितली. त्याचं नाव विचारलं. त्यानं सांगितलं, मुलीचंही सांगितलं, आणि मग माझी अडचण पाहून म्हणाला, "हमने भी आपको कहाँ पहचाना, दीदी. हमने तो साड़ी पहचानी. वो नीली वाली, जिसके पल्ले के पास रफू है. वहाँ हम इस्त्री हलकी रखते हैं. नल पे भीड़ में रफू दिखा, तब ऊपर मुँह देखा, तो आप थीं."

ती आईची इरकल. प्रवासाला सोयीची म्हणून मी नेहमी तीच नेसते, कितीतरी वर्षं. वर येऊन कपाटातून काढली आणि खिडकीशी नेऊन रफू शोधायला लागले. निळ्यावर निळा दोरा, उजेडात धरून, तिरकं धरून बघितलं, सापडेना. आई पलंगावर बसून माझी खुडबूड ऐकत होती. "काय शोधतेस?" मी सांगितलं. "इकडे दे," म्हणाली. मी साडी तिच्या मांडीवर ठेवली. तिनं मान तिरकी करून खिडकीबाहेर बघत पदर हातात घेतला, काठावरून बोटं चालवत नेली, चार बोटं आत, आणि थांबली. "हे बघ. तू कॉलेजात होतीस तेव्हा कसर लागली होती. दोरा नीट जुळला नव्हता मला, म्हणून पदर घेताना ही बाजू मी आत घ्यायची." बोलून झालं तरी तिचं बोट तिथंच फिरत राहिलं.